भूक कमी करणारं इंजेक्शन आणि चरबी अडवणारी कॅप्सूल

"डॉक्टरांनी भूक कमी करायची कॅप्सूल दिलीय, पण भूक तर तश्शीच लागते!" वजन कमी करायला ऑर्लिस्टॅटची कॅप्सूल घेणाऱ्यांची ही तक्रार सारखी कानावर येते. भूक तशीच लागणार, कारण ऑर्लिस्टॅटचा भुकेशी संबंधच नाही. तरीही वजनाचं औषध म्हणजे भुकेचं औषध असं धरून लोक त्याला आणि सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनला एकाच पंगतीत बसवतात.

सेमाग्लुटाइड, किंवा २०२५च्या मार्चमध्ये भारतात आलेलं टिर्झेपटाइड, आता बहुतेकांना ठाऊक आहे. आठवड्यातून एकदा टोचायचं, डोस हळूहळू वाढवायचा, सुरुवातीला मळमळ होते, चार घासांत पोट भरतं. मेंदूतली भूक शमते आणि पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. एवढं पुरे.

ऑर्लिस्टॅट रक्तात जेमतेम उतरतं, मेंदूचा तर प्रश्नच नाही. त्याचं सगळं काम आतड्यात. तेल-तूप पचवणाऱ्या लायपेज या विकराला ते अडवतं, आणि जेवणातली साधारण ३० टक्के चरबी न पचता शौचावाटे जाते. जेवणात ३० ग्रॅम तेल-तूप असेल, तर ९ ग्रॅम गेलं, म्हणजे ८० कॅलरींच्या आसपास. बस्स, इतकंच. भात, पोळी, साखर, जिलबीचा पाक यांना ते हातही लावत नाही. अंगावर साठलेली चरबीही ते 'वितळवत' नाही. जाहिरातींतला हा शब्द माझ्या डोक्यात जातो.

हे समजलं की कॅप्सूल कधी घ्यायची तेही आपोआप कळतं. १२० मिलिग्रॅमची कॅप्सूल जेवताना किंवा जेवल्यावर तासाभरात घ्यायची. जेवण टाळलं तर कॅप्सूलही टाळायची. कडकडीत उपवासाला ती घेऊन काहीच साधत नाही. पण उपवास म्हणून तुपात परतलेली, दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर ते चांगलंच स्निग्ध जेवण झालं. तिथे कॅप्सूल हवी. आणि 'कॅप्सूल आहे ना' म्हणून लग्नात भजी-पुऱ्यांवर ताव मारला, की मग तेलकट जुलाब आणि कपड्यांना तेलाचे डाग. हे औषध बिघडल्याचं लक्षण नाही, ताटात तेल जास्त झाल्याचं आहे.

चरबीबरोबर अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वंही जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन रात्री झोपताना घ्यायचं. थायरॉइडच्या गोळीत आणि यात चार तासांचं अंतर हवं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं.

परिणामातही तफावत मोठी आहे. सेमाग्लुटाइडच्या २.४ मिलिग्रॅम डोसच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. ऑर्लिस्टॅटच्या चार वर्षांच्या चाचणीत सरासरी घट ५.८ किलो होती, नुसता आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांत ३ किलो. ज्याला सतत भूक छळते, त्याने ऑर्लिस्टॅटवर आस लावून बसू नये, डॉक्टरांशी दुसऱ्या औषधाबद्दल बोलावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

भूक मारणारी जुनी गोळी, सिब्युट्रामिन, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झाली. 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंगच्या उत्पादनांत ती गुपचूप मिसळलेली सापडली आहे. अशी पावडर सुरू केल्यावर भूक एकदम मेली, छातीत धडधडू लागलं, झोप उडाली, तर ती लगेच बंद करा आणि डबा घेऊन डॉक्टरांकडे जा.