विले पार्ले विधानसभा पोटनिवडणूक, १९८७

महाराष्ट्र विधानसभेच्या विले पार्ले (मुंबई) मतदारसंघात १३ डिसेंबर १९८७ रोजी झालेली पोटनिवडणूक. शिवसेनेच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले डॉ. रमेश यशवंत प्रभू हे तीत निवडून आले. पराभूत झालेले काँग्रेसचे (इं.) उमेदवार प्रभाकर काशिनाथ कुंटे यांनी या निवडीस मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने ७ एप्रिल १९८९ रोजी ही निवड रद्द ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी तो निर्णय कायम केला. धर्माच्या नावावर मते मागण्याविषयीच्या भारतीय कायद्याची चर्चा तेव्हापासून या प्रकरणाचा उल्लेख केल्यावाचून पुरी होत नाही. विधिग्रंथांत ते ‘प्रभू विरुद्ध कुंटे’ या नावाने येते.

डॉ. प्रभू हे पेशाने डॉक्टर आणि पार्ल्यातील सार्वजनिक जीवनातले परिचित नाव. १९८५ च्या महापालिका निवडणुकीनंतर मुंबईची सत्ता शिवसेनेकडे आली. छगन भुजबळ व दत्ताजी नलावडे यांच्यानंतर, १९८७-८८ या वर्षाचे महापौरपद प्रभूंकडे होते. महापौरपदाची मुदत त्या काळी एक वर्षाची असे. पोटनिवडणूक आली तेव्हा शहराचा प्रथम नागरिकच उमेदवार होता. शिवसेनेला राज्यपक्ष म्हणून निवडणूक आयोगाची मान्यता मिळाली ती १९८९ मध्ये. त्यामुळे अधिकृत नोंदीत प्रभू हे अपक्ष होते, परंतु प्रचाराची सर्व सूत्रे शिवसेनेच्या शाखांकडे होती. पुढे शिवसेनेशी युती करणारा भारतीय जनता पक्ष या निवडणुकीत तिच्याबरोबर नव्हता. त्याचा पाठिंबा जनता पक्षाचे प्राणलाल व्होरा यांना होता. युती झाली ती १९८९ मध्ये, आणि पार्ल्यातील निकालाचा तिला हातभार लागला असे राजकीय अभ्यासक सामान्यतः मानतात.

शिवसेनेने हिंदुत्वाचा मुद्दा नेमका केव्हा हाती घेतला याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक त्याचा आरंभ साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या वादापर्यंत मागे नेतात. काहींच्या मते १९८४ ची भिवंडी व मुंबईतील दंगल हा निर्णायक टप्पा होय. तिसरे मत १९८७ च्या या पोटनिवडणुकीला अग्रमान देते. यांतील पहिल्या दोन मतांना आधार आहे, पण तो पक्षाच्या भूमिकेपुरता. मतपेटीपुरते पाहिल्यास तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९८५ ची महापालिका निवडणूक भिवंडीच्या दंगलीनंतर वर्षभरातच झाली, तरीही शिवसेनेने ती मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जाईल या भीतीवर, म्हणजे मराठीच्या प्रश्नावर लढविली. मुंबईत हिंदुत्व हाच प्रचाराचा मुख्य विषय करून लढविलेली व जिंकलेली विधानसभेची पहिली निवडणूक म्हणून पार्ल्याचे नाव घेण्यास त्यामुळे हरकत नसावी. पार्ले पूर्व हा लोकमान्य सेवा संघ (स्था. १९२३) आणि पार्ले टिळक विद्यालय (स्था. १९२१) यांच्याभोवती वाढलेला मध्यमवर्गीय, मुख्यतः मराठी व गुजराती वस्तीचा भाग. मतदार दोन भाषांचे असताना भाषेपेक्षा धर्माचे आवाहन पक्षाला सोयीचे ठरले, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे.

याचिकेचा मुख्य रोख शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्या तीन भाषणांवर होता. ती २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर व १० डिसेंबर १९८७ रोजी झाली. उमेदवार हिंदू आहे म्हणून त्याला मत द्या, असे आवाहन या भाषणांत होते आणि मुस्लिम समाजाविषयी अवमानकारक शब्द वापरले होते, असा आरोप होता.

हे प्रकरण समजण्यासाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ यातील काही तरतुदी पाहणे आवश्यक आहे. कलम १२३ मध्ये ‘भ्रष्ट आचार’ कोणते ते सांगितले आहे. पोटकलम (३) नुसार उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने, किंवा उमेदवाराच्या अथवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या संमतीने अन्य कोणीही, ‘त्याच्या’ धर्म, वंश, जात, समाज वा भाषेच्या कारणावरून एखाद्यास मत द्या किंवा देऊ नका असे आवाहन करणे हा भ्रष्ट आचार होय. पोटकलम (३क) निरनिराळ्या वर्गांत शत्रुत्व वा द्वेष पसरविण्यासंबंधी आहे. मूळ १९५१ च्या कायद्यात असे आवाहन ‘पद्धतशीर’ असेल तरच ते दोषास्पद होते, आणि त्याची गणना गौण भ्रष्ट आचारांत होत असे. १९५६ च्या दुरुस्तीने ते कलम १२३ मध्ये आले, परंतु ‘पद्धतशीर’ हा शब्द राहिला. १९६१ मध्ये तो वगळण्यात आला, भाषेचा समावेश झाला, ‘त्याच्या’ हे पद घालण्यात आले आणि (३क) नव्याने आले. परिणामी एका सभेतील एक भाषणही निवड रद्द होण्यास पुरेसे झाले. कायद्याचा हा कडकपणा अनेकदा विसरला जातो. भाषणामुळे किती मते फिरली हे याचिकाकर्त्याला सिद्ध करावे लागत नाही. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने तो आचार घडला एवढे सिद्ध झाले की निवड टिकत नाही (कलम १००). पुराव्याचा भार मात्र फौजदारी खटल्यासारखा जड असतो.

कार्यपद्धतीही वेगळी आहे. याचिका निकालानंतर ४५ दिवसांच्या आत दाखल करावी लागते. १९६६ पर्यंत अशा याचिका निवडणूक न्यायाधिकरणांपुढे चालत. त्या वर्षीच्या दुरुस्तीने त्या थेट उच्च न्यायालयाकडे आल्या, आणि अपील सर्वोच्च न्यायालयात जाऊ लागले (कलम ११६क). याचिकेत पक्षकार नसलेल्या व्यक्तीने भ्रष्ट आचार केल्याचे दिसल्यास न्यायालय तिला नोटीस देते, म्हणणे मांडण्याची संधी देते, आणि मगच तिचे नाव निर्णयात घेते (कलम ९९). ठाकरे यांच्याविरुद्धचा निष्कर्ष या मार्गाने आला. दोषी ठरलेल्या व्यक्तीस किती काळ अपात्र ठरवावे हे न्यायालय ठरवीत नाही. कलम ८क प्रमाणे राष्ट्रपती निवडणूक आयोगाचे मत घेऊन ते ठरवितात, आणि मुदत सहा वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही.

उच्च न्यायालयात याचिका न्या. एस. पी. भरुचा (नंतर भारताचे सरन्यायाधीश) यांच्यापुढे चालली. त्यांनी दोन्ही पोटकलमांखालील भ्रष्ट आचार सिद्ध झाल्याचे मानून निवड रद्द केली आणि ठाकरे यांचेही नाव घेतले. प्रभू व ठाकरे या दोघांनी अपिले केली. ती न्या. जे. एस. वर्मा, न्या. एन. पी. सिंग व न्या. के. वेंकटस्वामी यांच्या पीठाने फेटाळली. भाषणस्वातंत्र्यावर घाला येतो म्हणून ही पोटकलमे घटनाबाह्य आहेत हा युक्तिवादही पीठाने अमान्य केला. संमतीच्या प्रश्नावर, सभांना उमेदवार स्वतः हजर होता आणि त्याने त्या भाषणांपासून स्वतःला वेगळे केले नाही, या गोष्टीस पीठाने महत्त्व दिले. भाषणांची भाषा खेदजनक असल्याचे आणि ज्येष्ठ नेत्यांनी बोलताना संयम पाळणे आवश्यक असल्याचेही निर्णयात म्हटले आहे.

असे असता हा निर्णय लोकांत ओळखला जातो तो वेगळ्याच परिच्छेदांमुळे. ‘हिंदुत्व’ वा ‘हिंदूधर्म’ या शब्दांचा नुसता उच्चार भ्रष्ट आचार ठरत नाही, त्यांचा अर्थ भारतीय लोकांची जीवनपद्धती असाही होऊ शकतो, आणि भाषणात ते कोणत्या संदर्भात आले हे पाहिले पाहिजे, असे न्या. वर्मा यांनी लिहिले. यासाठी त्यांनी प्रामुख्याने १९६६ च्या स्वामिनारायण प्रकरणातील न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या निर्णयाचा आधार घेतला. तो निर्णय मंदिरप्रवेशाच्या कायद्यासंबंधी होता आणि त्यातील विवेचन हिंदू धर्माविषयी होते. ते विवेचन ‘हिंदुत्व’ या राजकीय संज्ञेस लागू करणे कितपत योग्य, हा आक्षेप विधिज्ञांनी घेतला असून तो विचारात घेण्याजोगा आहे. काहींच्या मते मात्र न्यायालयाने एवढेच सांगितले की शब्दकोश पाहून कोणाची निवड रद्द करता येत नाही. निर्णय संपूर्ण वाचल्यास दुसरे मत त्याच्या मांडणीशी अधिक जुळते: या परिच्छेदांनंतर पीठ प्रत्यक्ष भाषणांकडे वळते आणि ती दोषास्पद ठरविते. हे परिच्छेद सुटे करून उद्धृत करण्याची पद्धत पुढे रूढ झाली आणि प्रभूंचे अपील फेटाळले गेले हे वाचकांच्या नजरेआड झाले. ज्या निर्णयाने एका आमदाराची निवड धर्माच्या आवाहनामुळे रद्द केली, तोच निर्णय अशा आवाहनास मोकळीक देणारा म्हणून सांगितला जावा, हे अन्यायाचे आहे.

या गैरसमजास त्याच दिवशीच्या दुसऱ्या निर्णयाचाही हातभार लागला. मनोहर जोशी १९९० मध्ये दादरमधून निवडून आले होते आणि १९९५ मध्ये ते मुख्यमंत्री होते. त्यांची निवड रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निर्णय याच पीठाने फिरविला. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल हे त्यांचे विधान म्हणजे केवळ आशा व्यक्त करणे होय, ती कितीही तिरस्करणीय असली तरी धर्माच्या कारणावरून मतांचे आवाहन नव्हे, असे पीठाने म्हटले. दोन्ही निकाल एकत्र वाचले जात असल्याने पार्ल्याच्या निकालाची धार बोथट झालेली दिसते.

कलम १२३ (३) मधील ‘त्याच्या’ म्हणजे कोणाच्या, हा प्रश्न १९९५ मध्ये पुरता सुटला नाही. प्रभू प्रकरणात ते पद उमेदवाराच्या धर्माशी जोडले गेले होते. सांताक्रूझमधून १९९० मध्ये निवडून आलेले भारतीय जनता पक्षाचे अभिराम सिंह यांची निवडही उच्च न्यायालयाने रद्द केली होती. त्यांचे अपील १९९६ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपविले गेले आणि अखेर सात न्यायाधीशांपुढे आले. २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय झाला: या पदात उमेदवार, प्रतिस्पर्धी आणि मतदार या सर्वांचा धर्म येतो. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी स्वतःसह न्या. उदय लळीत व न्या. आदर्शकुमार गोयल यांच्या वतीने भिन्नमत लिहिले. त्यांच्या मते मतदाराचा धर्म त्यात येत नाही, कारण समाजाच्या वंचनेचे प्रश्न निवडणुकीत मांडण्यास त्यामुळे अडथळा येईल. ‘हिंदुत्व’ शब्दासंबंधीचे १९९५ चे विवेचन या पीठाने फेरविचारास घेतले नाही.

ठाकरे यांच्या अपात्रतेचा आदेश २८ जुलै १९९९ रोजी निघाला. मुदत ११ डिसेंबर १९९५ पासून सहा वर्षांची होती, म्हणजे आदेश निघाला तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग उलटून गेला होता. १९९९ च्या लोकसभा व विधानसभा निवडणुका या मुदतीत आल्या. त्यांनी स्वतः कधीही निवडणूक लढविली नसल्याने आदेशाचा प्रत्यक्ष परिणाम मतदानाच्या हक्कापुरता झाला. मूळ निवडणुकीच्या बाबतीत विलंब याहून मोठा होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत १९८५ साली निवडलेल्या विधानसभेची मुदत संपून १९९० आणि १९९५ या दोन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या होत्या. पार्ल्याच्या मतदारांच्या दृष्टीने निवड रद्द होण्याला तोवर व्यावहारिक अर्थ उरला नव्हता. निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न करावा, असे अधिनियमाचे कलम ८६ सांगते.

प्रभूंचे नाव पार्ल्यात आज मुख्यतः प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुलाच्या उभारणीशी जोडले जाते. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. २००८ च्या पुनर्रचनेनंतर विले पार्ले हा मुंबई उत्तर मध्य लोकसभा मतदारसंघाचा भाग असून विधानसभेसाठी त्याचा क्रमांक १६७ आहे. २००९ मध्ये तेथून काँग्रेसचे कृष्णा हेगडे, तर २०१४ पासून भारतीय जनता पक्षाचे पराग अळवणी निवडून आले आहेत.