फौजीचं घर : लष्करच्या तळापासून हप्त्यांच्या फ्लॅटपर्यंत

दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला आणि तो पुन्हा उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी घरं आली, सरदारांचे वाडे उभे राहिले, बाजार बसला. लष्कर, कंपू, जिन्सी नाला, शिंदे की छावनी हे पत्ते आजही पाकिटांवर लिहिले जातात. दक्षिणेतून आलेल्या मराठी फौजी कुटुंबांचं इथलं बस्तान असं चाकरीच्या आधारानं बसलं. त्या चाकरीत प्रतवारी होती. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगिराला घोडा सरकारचा. सरदाराला सरंजाम मिळे, म्हणजे ठरावीक पथक बाळगण्याच्या अटीवर गावांचा महसूल. इनाम वंशपरंपरेनं चाले. सरंजामाला मात्र धनी मेल्यावर नवी सनद लागे. साध्या शिपायाकडे यातलं काहीच नसे. त्याची राहती जागा तळाची आणि तळ सरकारचा.

चाकरी सुटली की ही व्यवस्था कशी कोसळते, ते 1844 मध्ये दिसलं. ब्रिटिशांशी महाराजपूर आणि पनिहारच्या लढाया 29 डिसेंबर 1843 रोजी एकाच दिवशी झाल्या. त्या हरल्यावर झालेल्या तहानं शिंद्यांच्या फौजेला 9,000 माणसांची मर्यादा घातली. उरलेल्यांना घरी पाठवायचं, तर घर कुठलं? ज्यांच्यापाशी वाडा किंवा इनामाची सनद होती ते टिकले, बाकीचे पांगले. किल्ला आणि शेजारची मुरारची छावणी ब्रिटिशांच्या हातून परत मिळायला 1886 उजाडलं.

ब्रिटिश छावण्यांचा कायदा वेगळाच होता आणि त्याची झळ आजही लागते. गव्हर्नर जनरलच्या 1836 च्या आदेश क्रमांक 179 प्रमाणे छावणीतली जमीन सरकारची राही, बांधकाम तेवढं राहणाऱ्याचं. एक महिन्याची नोटीस देऊन आणि मंजूर बांधकामाची किंमत मोजून सरकार जागा परत घेऊ शके. यालाच ‘ओल्ड ग्रँट’ म्हणतात. इंदूरजवळच्या महूसारख्या जुन्या छावणीत असे बंगले अजून आहेत. निवृत्तीनंतर ओळखीच्या परिसरात राहायचं म्हणून कुणी असा बंगला किंवा त्यातला भाग घ्यायला निघतो आणि बँकेच्या दारात अडकतो. जमिनीची मालकीच नसल्यामुळे ती तारण ठेवता येत नाही. छावणी भागात काहीही घेण्याआधी संरक्षण खात्याच्या जमिनी सांभाळणाऱ्या रक्षा संपदा कार्यालयाच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये त्या जागेचा हक्क कोणत्या प्रकारचा नोंदलेला आहे, ते पाहायलाच हवं. विकणारा दाखवतो ती जुनी नगरपालिका पावती इथे चालत नाही.

संस्थानं विलीन झाली आणि 1948 मध्ये मध्य भारत बनला. ग्वाल्हेर आणि इंदूरच्या पायदळ पलटणी भारतीय सैन्यात कुमाऊँ रेजिमेंटकडे गेल्या. 1951 च्या जहागीर निर्मूलन कायद्यानं महसूल संपला, राहते वाडे तेवढे राहिले. पुढे भावांच्या वाटण्या झाल्या. लष्करमधल्या कितीतरी वाड्यांत आज एकेका खोलीला चार वारस आहेत आणि नामांतरण, म्हणजे सरकारी दप्तरात मालकाचं नाव बदलणं, तीन पिढ्यांपूर्वीच्या नावावर थांबलेलं आहे. अशा वाड्यातल्या फौजी मुलाला कर्ज मिळत नाही, कारण त्याच्या हिश्श्याचा वेगळा कागद नसतो. आधी नोंदणीकृत वाटणीपत्र, मग नामांतरण, त्यानंतर बँक, असा क्रम आहे. तो उलटा करता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर माजी सैनिकांना सरकारी जमिनीचे पट्टे देण्याची पद्धत आली. हेतू चांगला, पण पट्ट्याला शेपूट असतं. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता 1959 च्या कलम 165 च्या पोटकलम 7-ब नुसार सरकारकडून मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही, पट्टेदार पुढे भूमिस्वामी (जमिनीचा मालक) झाला तरीही. ही अट न पाळता झालेले व्यवहार वर्षांनंतर उकरले जातात आणि खरेदीदाराचं नाव खसऱ्यातून, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीतून, निघतं. विकणारा माजी सैनिक असो की घेणारा, जुना खसरा किमान पहिल्या पट्ट्यापर्यंत काढावा. शेऱ्याच्या रकान्यात ‘शासकीय पट्टा’ किंवा ‘अहस्तांतरणीय’ दिसलं की परवानगीचा आदेश मागावा. तो नसेल तर तिथेच थांबावं.

सैनिकांच्या कल्याणाची सरकारी यंत्रणा पहिल्या महायुद्धातल्या भरतीतून निघाली. 1919 मध्ये तिचं नाव इंडियन सोल्जर्स बोर्ड झालं आणि 1975 पासून केंद्रीय सैनिक बोर्ड. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असतं. घराच्या बाबतीत या बोर्डाचा हात मर्यादितच राहिला. युद्धात शहीद किंवा अपंग झालेल्यांच्या कुटुंबांना गृहकर्जाच्या व्याजाचा काही भाग परत मिळतो, तोही ठरलेल्या मर्यादेत. अमेरिकेनं 22 जून 1944 च्या कायद्यानं दुसरा रस्ता धरला. सरकारनं घर बांधलं नाही, जमीनही दिली नाही. बँकेनं सैनिकाला कर्ज द्यावं आणि ते बुडालं तर निम्म्यापर्यंत, सुरुवातीला कमाल 2,000 डॉलर, सरकार भरेल अशी हमी दिली. आपल्याकडे अशी सरसकट हमी आली नाही. म्हणून बँकेसमोर फौजी हा इतर पगारदारांसारखाच एक पगारदार असतो. सैनिकांसाठीच्या खास गृहकर्ज योजनांत प्रक्रिया शुल्क आणि व्याजदरात सूट मिळते, पण परतफेडीच्या क्षमतेचं गणित तेच राहतं.

खरा बदल पाच वर्षांत घडला. 1976 मध्ये आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड सुरू झाला आणि त्यातून घरासाठी कर्ज मिळू लागलं. 1977 मध्ये एचडीएफसी आली. त्याआधी सामान्य पगारदाराला गृहकर्ज देणारी खास संस्था नव्हतीच. 1978 मध्ये आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन आणि 1980 मध्ये हवाई दल-नौदलासाठी एअर फोर्स नेव्हल हाउसिंग बोर्ड (एएफएनएचबी) स्थापन झालं. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाला कंत्राटदारावर लक्ष ठेवता येत नाही, म्हणून संस्थेनं जमीन घ्यायची, बांधायचं आणि ना-नफा ना-तोटा तत्त्वावर सदस्यांना द्यायचं. पुण्याचा साळुंके विहार आणि पवईचा जलवायू विहार ही त्याची ठळक उदाहरणं.

ना-नफा ना-तोटा याचा अर्थ पुष्कळजण स्वस्त असा घेतात. तो तसा नाही. सुरुवातीला सांगितलेली किंमत अंदाजी असते. जमिनीचा वाढीव मोबदला, सिमेंट-लोखंडाची दरवाढ, विलंब, सगळं शेवटी सदस्यांवर येतं, कारण तोटा सोसायला दुसरा कुणी नसतो. म्हणून नोंदणी करताना शेवटच्या हप्त्याच्या वर थोडी रक्कम बाजूला ठेवणं शहाणपणाचं. दर्जाची हमीसुद्धा गृहीत धरू नये. कोचीच्या चंदर कुंज आर्मी टॉवर्सचा ताबा 2018 मध्ये दिला गेला. पुढे काँक्रीटमध्ये क्लोराइड जास्त निघालं, आतल्या सळ्या गंजल्या, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं तिथले दोन टॉवर पाडून पुन्हा बांधायला सांगितलं. सैनिकांच्या नावावर उभ्या राहिलेल्या मुंबईच्या आदर्श सोसायटीत तर नावंच भलत्यांची निघाली आणि 2010 मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाणांना जावं लागलं.

आता पैशाकडे येऊ. जवानाला 15 वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन लागू होते आणि पुष्कळजण चाळिशीच्या आतबाहेर घरी येतात. बँक 20 वर्षांचं कर्ज द्यायला तयार असते, पण पगार निम्म्या वाटेवर पेन्शन होतो, म्हणजे साधारण निम्मा. हप्ता पूर्ण पगारावर ठरवला तर निवृत्तीच्या महिन्यातच गाडी अडते. तो अपेक्षित पेन्शनवर बसवावा किंवा मुदत निवृत्तीपर्यंतच ठेवावी.

त्या वेळी मोह असतो तो कम्युटेशनचा. मूळ पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग विकता येतो. 20,000 रुपये मूळ पेन्शन धरा. 10,000 विकले तर वर्षाच्या 1 लाख 20 हजारांना चाळिशीच्या वयासाठी ठरलेल्या गुणकानं, जो 9 च्या थोडा वर आहे, गुणून सुमारे 10 लाख 90 हजार हातात येतात. त्याबदल्यात 15 वर्षं दरमहा 10,000 कमी, म्हणजे एकूण 18 लाख. महागाई भत्ता मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो, ही त्यातली जमेची बाजू. डोक्यावर महागडं कर्ज असेल तर हा सौदा बसतो. पैसे प्लॉटमध्ये घालून घर बांधायला पुन्हा कर्ज काढायचं असेल तर बसत नाही.

40 लाखांचं घर घेताना बँक कमाल 80 टक्के, म्हणजे 32 लाख देते. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला ही मर्यादा 90 टक्के आहे. स्वतःचे 8 लाख झाले. रजिस्ट्रीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, आणि मध्य प्रदेशात शहरी भागात मुद्रांक व नोंदणी मिळून साधारण साडेबारा टक्के जातात. हे आणखी 5 लाख. तेव्हा हातात 13 लाख लागतात. ही दुसरी रक्कम लोक विसरतात आणि ऐन वेळी वैयक्तिक कर्ज काढतात.

सर्वांत जास्त घरं मात्र नावावरून जातात. सीमेवरचा मुलगा पैसे पाठवतो आणि घरचे भावाच्या नावावर प्लॉट घेतात. बेनामी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर पत्नी-मुलांच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेला सूट आहे, पैशाचा स्रोत माहीत असला तर. भाऊ, बहीण, आई-वडील यांच्या बाबतीत ती सूट दस्तावर दोघांची नावं संयुक्त मालक म्हणून असतील तरच मिळते. रजा नसेल तर विशेष मुखत्यारपत्र करावं, त्यात मालमत्तेचा तपशील आणि नेमका अधिकार लिहावा आणि ते जिथे राहत असाल तिथल्या उपनिबंधकांसमोर करावं. उलट बाजूनं, सर्वसाधारण मुखत्यारपत्रावर कुणी घर ‘विकत’ देत असेल तर घेऊ नये. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा व्यवहारानं मालकी बदलत नाही हे स्पष्ट केलं आहे.

ग्वाल्हेरच्या कडेनं प्लॉट स्वस्त मिळतात ते बहुधा अवैध कॉलनीत. पटवाऱ्याचा नकाशा आणि रजिस्ट्री एवढ्यावर भुलू नये. रजिस्ट्री शेतजमिनीच्या तुकड्याचीही होते. डायवर्सन (शेतजमिनीला बिगरशेती वापराची मान्यता) झालेलं आहे का, नगर तथा ग्राम निवेश या नगररचना खात्याचा मंजूर नकाशा आहे का आणि रेरा या गृहप्रकल्प प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक खरा आहे का, हे तिन्ही पाहावं. महाराजपुऱ्याच्या हवाई तळाकडे घ्यायचं असेल तर किती उंच बांधता येईल तेही आधी विचारावं.

2022 च्या अग्निपथ योजनेनं हे जुनं गणित पुन्हा मोडलं आहे. चार वर्षांनंतर तीन चतुर्थांश मुलं बाहेर पडणार, हातात सेवा निधीचे सुमारे 11 लाख 71 हजार, पेन्शन नाही. पहिल्या तुकड्यांची मुदत 2026 च्या शेवटापासून भरू लागते. वरच्या हिशोबातले 13 लाख या निधीपेक्षा जास्त आहेत, आणि दुसरी नोकरी लागेपर्यंत बँक 32 लाखांचा अर्जही घेणार नाही. अशा मुलाच्या घरी आधीच वडिलोपार्जित वाडा असेल, तर त्याच्या हिश्श्याची वाटणी आणि नामांतरण तो फौजेत असतानाच करून घेणं सर्वांत स्वस्त पडतं.