पार्श्वभूमी: उशिरा लिहित्या झालेल्या बायका आणि ‘आठवणी’ हा शब्द

पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर लिहित्या झालेल्या मराठी बायकांच्या पुस्तकांची नावं एकाखाली एक मांडून पाहावीत. 1910 ला ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, 1928 ला ‘माझी कहाणी’, 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’, 1944 ला ‘माझे पुराण’. एकीच्याही नावात ‘आत्मचरित्र’ नाही. शेवटच्या पुस्तकाच्या घरात तर नवऱ्याचं पुस्तक आधीच आलेलं होतं, 1915 ला. त्याचं नाव ‘आत्मवृत्त’. त्याचं ते वृत्त आणि तिचं ते पुराण. एखादी बाई फार बोलायला लागली की ‘काय पुराण लावलंस’ असं आपण म्हणतो, तोच हा शब्द. तिने तो स्वतःहून उचलला, हे मला फार बोलकं वाटतं.

या बायकांना आवाज उशिरा सापडला असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. सांगण्यासारखं त्यांच्याजवळ आधीपासून होतं. उशिरा मिळाला तो निवांतपणा, आणि लिहायची मुभा. 1910 चं पुस्तक नवरा गेल्यानंतर नऊ वर्षांनी आलं, तेही मुख्यतः त्याच्याविषयी.

‘आमच्या’ हा शब्द तिथे नवरा-बायकोचा आहे. ऐंशीच्या दशकात फलटणहून ‘जिणं आमुचं’ आलं तेव्हा त्यातलं ‘आमुचं’ अख्ख्या महारवाड्याचं होतं. लेखिका दुकान चालवायची. माल बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचायची आणि गिऱ्हाईक नसताना लिहायची. नवऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून ते लेखन तिने जवळजवळ वीस वर्षं दडवून ठेवलं. पुढे फलटणमध्येच राहणाऱ्या एका अभ्यासक बाईंनी पाठपुरावा केला, आधी मासिकात आणि मग पुस्तकरूपाने ते छापून आलं. तोवर लेखिकेने पन्नाशी ओलांडली होती. त्याच सुमारास एका निवृत्त शिक्षिकेची ‘चित्तरकथा’ आली, नावातही ‘माज्या जल्माची’ अशी बोली ठेवून.

इथे शब्दांचा गुंता वाढला. समीक्षकांनी दलित लेखनासाठी ‘आत्मकथन’, ‘स्वकथन’ हे शब्द रूढ केले. आत्मचरित्र कर्तृत्व गाजवलेल्या माणसाचं, कथन सोसलेल्याचं, अशी काहीशी वाटणी त्यातून झाली. पण फलटणच्या पुस्तकात ‘आत्म’ किती आहे? लेखिका वस्तीतल्या सासुरवाशिणींबद्दल लिहिते, सासूच्या जाचाबद्दल लिहिते आणि आपल्याच समाजातल्या पुरुषांनाही जाब विचारते. हा सरळसरळ स्त्रीप्रश्नावरचा युक्तिवाद आहे. तो आठवणींच्या कपाटात ठेवला की त्याला उत्तर द्यायची जबाबदारी टळते.

1975 नंतरच्या स्त्रीचळवळीने हे थोडं बदललं. 1989 ला पुण्यातून एक मासिक निघालं. संपादिका स्वतः पन्नाशी पार केलेल्या होत्या. कधीही न लिहिलेल्या बायकांना त्यात जागा मिळाली.

आता फोनवर देवनागरी आली आहे. साठीतल्या बायका रोज लिहितात, आणि त्यात वारंवार येतं ते हक्कसोडपत्र, म्हणजे माहेरच्या मालमत्तेतला आपला वाटा सोडल्याचा कागद. हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क महाराष्ट्रात 1994 ला मिळाला, तोही तोवर लग्न न झालेलीला; देशभर 2005 ला. तरी बहिणींच्या सह्या घेतल्याच गेल्या. ‘भाऊबीज तुटायला नको’ म्हणून निबंधकाच्या कचेरीत कुठे सही केली, घरी येताना आईने हातात कोणती साडी ठेवली, हे त्या तपशीलवार लिहितात. सातबाऱ्यावरून नाव कसं जातं, हे त्यांच्याइतकं नेमकं क्वचितच कुणी लिहिलं असेल. ओळखीच्या एका बाईंनी असा लेख एका अंकाला दिला. हक्कसोड या शब्दासह तो जसाच्या तसा छापला. सदराचं नाव होतं ‘माहेरच्या आठवणी’.