मराठी दिसत नाही? आधी बघा, घोळ फॉन्टचा आहे की एन्कोडिंगचा

मराठी दिसत नाही म्हटलं की ऑफिसात उत्तर ठरलेलं, "मंगल फॉन्ट टाक." अरे, विंडोज २००० पासून देवनागरीचा फॉन्ट सोबतच येतोय, आता तर निर्मला असतोच, तरी लोक चार-चार फॉन्ट डाऊनलोड करून बसतात आणि फाइल होती तशीच.

याचं मूळ श्रीलिपी, आकृती या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या काळात आहे. तेव्हा फॉन्ट बदलला की मजकूर खरंच दिसायचा, कारण आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असायचे आणि फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवायचा. ती सवय अजून सुटलेली नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत, क चा नंबर क चाच, फॉन्ट फक्त त्याचा आकार दाखवतो. ते नंबर फाइलमध्ये बाइट्स म्हणून कसे लिहायचे आणि परत कसे वाचायचे, ते एन्कोडिंगचं काम.

आता 'मराठी' हाच शब्द घ्या. म, र, काना, ठ, वेलांटी, म्हणजे ५ नंबर. रिकामे चौकोन दिसले तर फॉन्ट नाही, बस. कॉपी करून ब्राउझरमध्ये पेस्ट करा, तिथे मराठी उमटलं की मजकूर शाबूत आहे, मग खुशाल टाका फॉन्ट.

पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी ए (à) पुन्हा पुन्हा दिसतोय, मध्येच युरोचं चिन्ह, असा कचरा आला तर फॉन्टला हात लावू नका. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचा प्रत्येक नंबर ३ बाइट्सचा, म्हणजे 'मराठी'चे १५, आणि प्रोग्रामने ते जुन्या पाश्चात्त्य कोडपेजने (म्हणजे एका बाइटला एक अक्षर मानणाऱ्या जुन्या तक्त्याने) एकेक करून वाचलेत. तो ए म्हणजे प्रत्येक नंबरचा पहिला बाइट, ते युरो म्हणजे आपल्या वेलांटीचा शेवटचा. सगळं जागेवर आहे, वाचणारा चुकलाय. सीएसव्हीवर (साध्या मजकुरात साठवलेल्या तक्त्याच्या फाइलवर) डबल क्लिक केलं की एक्सेल बऱ्याचदा हेच करतं. डबल क्लिक नको, डेटा टॅबमधून फाइल आत घ्या आणि एन्कोडिंग ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.

आणि प्रश्नचिन्हं? 'मराठी'च्या जागी ५ प्रश्नचिन्हं फाइलमध्ये खरोखर सेव्ह झाली असतील तर मजकूर गेला. त्या जुन्या कोडपेजमध्ये देवनागरीला जागाच नाही, त्यामुळे सेव्ह करताना प्रत्येक नंबरच्या जागी सरळ प्रश्नचिन्ह लिहिलं जातं, आता कुठलाही फॉन्ट किंवा कन्व्हर्टर आणा, उपयोग शून्य. चौकोन आणि प्रश्नचिन्हं "एकच प्रॉब्लेम" म्हणून सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, एकात काही बिघडलेलं नसतं आणि दुसऱ्यात काही उरलेलं नसतं.

पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते किंवा जोडाक्षर फुटतं, ते तिसरंच. तिथे अक्षरं जुळवणारं इंजिन बंद असतं. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग लावलं की सुटतं.

एक्सेलमधून बाहेर काढताना साधं सीएसव्ही निवडू नका, समोर छान मराठी दिसत असली तरी फाइलमध्ये प्रश्नचिन्हंच जातात. त्याच यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' वेगळं दिलेलं असतं, ते घ्या. आणि नवी फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघितल्याशिवाय मूळ एक्सेल डिलीट करू नका.