इंजिनात स्फोट होत नाही, पेट्रोल जळतं

‘ठिणगी पडते, पेट्रोलचा स्फोट होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो.’ चार स्ट्रोकचं इंजिन शिकताना बहुतेकांनी हेच घोकलेलं असतं. हे चूक आहे. नीट चालणाऱ्या इंजिनात स्फोट होतच नाही.

आमची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह पेट्रोल जीप कसारा घाट चढताना खडखडू लागली. टॉप गिअर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॉनेटखाली डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज. भाचा म्हणाला, “मामा, स्कॅनर लावून बघू.” पण या गाडीत स्कॅनरला उत्तर देणारा कॉम्प्युटरच नाही. इथे निदान करायचं ते कानाने, ठिणगी टाकणाऱ्या प्लगच्या रंगावरून आणि टायमिंग लाइटने, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणाऱ्या दिव्याने. गाडी कुर्ल्याच्या गॅरेजात नेली.

ठिणगी पडली की ज्योत प्लगपाशी सुरू होते आणि कडेपर्यंत पसरत जाते. त्याला २ मिलिसेकंद लागतात असं धरू. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आयडलिंगला तेवढ्यात क्रँक, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा दांडा, जेमतेम ७ अंश फिरतो, ३००० फेऱ्यांना मात्र ३६ अंश! सर्वाधिक दाब हवा असतो तो पिस्टनने टॉप, म्हणजे सगळ्यात वरची जागा, ओलांडून क्रँक १०-१५ अंश पुढे गेल्यावर. म्हणून ठिणगी टॉपच्या आधीच टाकावी लागते, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. हे काम डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोचवणाऱ्या भागाच्या, पोटातली दोन छोटी वजनं करतात. वेग वाढला की गोफणीतल्या दगडासारखी ती बाहेर ओढ घेतात, स्प्रिंगा ताणतात आणि पॉइंट, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणारा स्विच, उघडणारा उंचवट्यांचा कॅम पुढे सरकतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे तिथला १ अंश म्हणजे क्रँकचे २. शिवाय वेगाबरोबर सिलिंडरमधली घुसळण वाढून ज्योतही झपाट्याने पसरते, त्यामुळे ठिणगीची टॉपआधीची ही आघाडी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स वेगाच्या प्रमाणात सरळ वाढवून चालत नाही. अनेक डिस्ट्रिब्युटरांत दोन स्प्रिंगा कमी-जास्त ताकदीच्या असतात त्या यासाठी.

आमच्या जीपचं टायमिंग पिकअपच्या मोहापायी कुणीतरी गरजेपेक्षा फार आधी आणून ठेवलं होतं. ठिणगी फार लवकर पडली की पिस्टन वर येत असतानाच दाब आणि उष्णता चढते, आणि कडेला उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण ज्योत पोचण्याआधीच एकदम आपोआप पेटतं. स्फोट म्हणायचा तर याला. तो खडखडाट याचाच, आणि तो चालू राहिला तर पिस्टनला भोक पडू शकतं. पेट्रोलच्या नळीला लावायची ‘मायलेज वाढवणारी’ लोहचुंबकं विकणाऱ्यांकडे मात्र यावरही उपाय असतो! चुंबकाने पेट्रोलच्या जळण्यात काहीही फरक पडत नाही. तो पैसा नव्या प्लगवर घालावा.

मेकॅनिकने एक नंबरच्या प्लगच्या वायरीला लाइटचा चिमटा लावला, क्रँकच्या पुलीच्या खाचेत खडू भरला. त्या सिलिंडरच्या प्रत्येक ठिणगीला लाइट लखलखतो, म्हणून गरगरणारी पांढरी रेघ जागच्या जागी थिजल्यासारखी दिसते. “बघा साहेब, टॉपआधी पाच अंशांवर पाहिजे, पंधरावर आलीय.” त्याने डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवला, रेघ पाचवर आणली, बोल्ट आवळला. मग अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू वाढवला. थिजलेली रेघ सावकाश वर चढू लागली. आत, झाकणाखाली, ती दोन वजनं बाहेर सरकत होती.