शट डाउन की रीस्टार्ट: विंडोज खरोखर बंद कशाने होतं?

"काका, रीस्टार्ट मारलात का?"
"अरे, आत्ताच तर बंद करून चालू केला."
"बंद-चालू नको, रीस्टार्ट मारा."

घरातल्या, सोसायटीतल्या किंवा ऑफिसातल्या 'कॉम्प्युटरवाल्या' माणसाला हा संवाद पाठ असतो. काका वैतागतात, कारण त्यांच्या हिशेबाने त्यांनी जास्त मोठं काम केलेलं असतं. मशीन पूर्ण बंद केलं, चहा पिऊन आले, बटण दाबलं, तरी प्रिंटर ऑफलाइनच. आता हा पोरगा त्याहून किरकोळ काहीतरी करायला सांगतोय. मग रीस्टार्ट करतात आणि प्रिंटर सुरळीत छापायला लागतो. काकांच्या मते मशीन लहरी आहे.

काकांची यात चूक शून्य. विंडोज ७ पर्यंत त्यांचा हिशेब बरोबरच होता. तेव्हा शट डाउन आणि रीस्टार्ट यांत फरक एवढाच, की शेवटी वीज तोडायची की लगेच पुन्हा सुरू व्हायचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि हे चित्र उलटलं. विंडोज १० आणि ११ मध्येही तेच चालू आहे. आज बहुतेक मशीनवर शट डाउन हे अर्धवट बंद करणं आहे आणि रीस्टार्ट हे पूर्ण. स्क्रीनवर मात्र दोन बटणं शेजारी-शेजारी निमूट बसलेली असतात आणि कुठेही एका ओळीचा खुलासा नसतो.

याला कारणीभूत असलेल्या सोयीचं नाव 'फास्ट स्टार्टअप'. चालू विंडोजचे ढोबळमानाने दोन थर धरा. वरचा थर तुमचा: उघडलेलं एक्सेल, क्रोमचे टॅब, टॅली, व्हॉट्सअ‍ॅप. खालचा थर यंत्रणेचा: कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि प्रिंटर, वाय-फाय, ब्लूटूथ, आवाज, ग्राफिक्स यांना चालवणारे ड्रायव्हर. पूर्वी शट डाउन केलं की दोन्ही थर मोडायचे आणि सकाळी दोन्ही पहिल्यापासून उभे राहायचे. त्यात वेळ जायचा. फास्ट स्टार्टअपमध्ये वरचा थर बंद होतो, तुम्ही लॉग आउट होता. पण खालचा थर मोडला जात नाही. रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीत, तो जसा होता तसाच्या तसा डिस्कवरच्या 'हायबरफिल' नावाच्या छुप्या फाइलमध्ये उतरवून ठेवला जातो. सकाळी बटण दाबलं की तीच प्रत वाचून परत रॅममध्ये चढवली जाते. गिऱ्हाइकांना बाहेर काढून दुकानाचं शटर ओढलं, आतली मांडामांड मात्र कालचीच, असा हा प्रकार.

रीस्टार्टमध्ये यातलं काही होत नाही. दोन्ही थर मोडतात, ड्रायव्हर नव्याने चढतात, सगळी तपासणी पुन्हा होते. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. रीस्टार्ट दाबणाऱ्याला अपडेट बसवायचंय, नवा ड्रायव्हर घालायचाय किंवा काहीतरी बिघडलंय, म्हणजे त्याला कोरी सुरुवात हवी आहे, असं मायक्रोसॉफ्टने गृहीत धरलं. शट डाउन करणाऱ्याला मात्र सकाळी लवकर सुरू झालेलं हवंय, असं मानलं.

ही दुसरी समजूत अगदीच वाऱ्यावरची नव्हती. सप्टेंबर २०११ मध्ये, विंडोज ८ बाजारात यायच्या वर्षभर आधी, मायक्रोसॉफ्टने या सोयीची जाहीर माहिती दिली होती. सुमारे निम्मे लोक मशीन स्लीपवर, म्हणजे थोडी वीज घेत झोपलेल्या अवस्थेत, न टाकता रोज चक्क बंद करतात, असं त्यांना दिसलं होतं. त्यामागची दोन कारणंही त्यांनीच मांडली: लोकांना मशीनने अजिबात वीज खाऊ नये असं वाटतं, आणि पुन्हा सुरू केल्यावर कालचा पसारा समोर नको असतो. त्यावर काढलेली तडजोड म्हणजे फास्ट स्टार्टअप. पसारा जाईल, वीजही लागणार नाही, आणि त्यांच्या चाचण्यांनुसार बहुतेक मशीन ३० ते ७० टक्के लवकर सुरू होतील. त्या काळातल्या फिरत्या हार्ड डिस्क आठवा. बटण दाबून आंघोळ उरकून यावी तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसायचा. तिथे ही सोय खरोखर मोलाची होती.

पण कालचा पसारा नको म्हणणाऱ्या माणसाला फक्त खिडक्या नको होत्या, की कालची अडचणही नको होती? इथे गफलत झाली. सोमवारी ब्लूटूथचा ड्रायव्हर कुठेतरी अडखळला, तर त्याची ती अडखळलेली अवस्था सोमवारी रात्री डिस्कवर जाते आणि मंगळवारी परत येते. मंगळवारी रात्री पुन्हा जाते, बुधवारी पुन्हा येते. रोज इमानदारीने शट डाउन करणारा माणूस रोज इमानदारीने तीच अडचण जपून ठेवत असतो. सगळेच बिघाड असे नसतात. केबल सैल असेल तर रीस्टार्ट काय करणार? पण वाय-फायचं चिन्हच गायब होणं, हेडफोन दिसूनही आवाज न येणं, यूएसबीला लावलेलं यंत्र न ओळखणं, यांसारख्या तक्रारींत आधी रीस्टार्ट आणि मग बाकी, हा क्रम फायद्याचा ठरतो.

पुरावा हवा असेल तर तुमच्याच मशीनवर आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा; टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, त्यात सीपीयू. आलेखाखाली बारीक अक्षरांत 'अप टाइम' लिहिलेलं असतं, म्हणजे हा गाभा किती काळ चालू आहे तो काळ. दिवस, तास, मिनिटं, सेकंद असे चार आकडे. काल रात्री शट डाउन केलेल्या मशीनवर आज सकाळी तिथे ९:०२:४१:१७ असं काहीतरी दिसलं तर दचकू नका. शेवटचा खरा रीस्टार्ट नऊ दिवसांपूर्वी झाला, एवढाच त्याचा अर्थ. मधल्या रात्री मशीन बंद होतं ते तासही त्यात धरलेले असतात. आता रीस्टार्ट करा आणि तीच जागा पुन्हा बघा: आकडा शून्यापासून सुरू झालेला असेल.

भिंतीवरचं बटण बंद करण्याची सवय असलेल्यांना वाटतं, आपण तर वीजच तोडतो, आपल्याकडे कसलं अर्धवट? पण गाभ्याची प्रत रॅममध्ये नसते, डिस्कवर असते. तिला विजेची गरज नाही. रात्रभर बटण बंद ठेवा, चार दिवस गावाला जाऊन या, सकाळी तीच प्रत वर येते. गंमत म्हणजे चालू मशीनची वीज अचानक गेली तर पुढची सुरुवात एकदम कोरी होते, कारण प्रत काढायला वेळच मिळालेला नसतो. पॉवरचं बटण दाबून धरून मशीन मारलं तरी तेच. "दाबून धरून बंद केलं की नीट होतं" हा अनेकांचा अनुभव खोटा नाही, तो यातूनच आलाय. पण तो उपाय म्हणून वापरू नका. उघडी फाइल आणि डिस्कवरचं चालू लिखाण दोन्ही धोक्यात येतात. जे काम रीस्टार्ट सरळपणे करतं, त्यासाठी एवढी जोखीम कशाला?

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. रीस्टार्टनंतर काही वेळा आधीचे प्रोग्राम आपोआप परत उघडतात. ब्राउझर टॅबसकट हजर. बघणाऱ्याला वाटतं, हे काय कोरं झालं? हे साइन-इनच्या पर्यायांतल्या एका वेगळ्या सेटिंगमुळे होतं: ते चालू असेल तर पुन्हा उघडता येण्यासारखे प्रोग्राम विंडोज लक्षात ठेवतं आणि लॉग इन केल्यावर नव्याने सुरू करतं. म्हणजे रीस्टार्टनंतर समोर जुनं दिसतं पण आत नवं असतं, आणि शट डाउननंतर समोर स्वच्छ दिसतं पण आत जुनं. डोळ्यांवर भरवसा ठेवून यातलं काही कळत नाही, म्हणून तो अप टाइम बघायचा.

अपडेटच्या वेळी या दोन बटणांना दोन भावंडं फुटतात: 'अपडेट अँड रीस्टार्ट' आणि 'अपडेट अँड शट डाउन'. यातल्या दुसऱ्याने लोकांना वर्षानुवर्षं छळलंय. रात्री बारा वाजता ते दाबून झोपायला जावं आणि सकाळी बघावं तर लॅपटॉप बंद न होता लॉग इनच्या पडद्यावर उभा, चार्जर नसेल तर बॅटरी तळाला. अनेकांना वाटायचं आपणच चुकीचं बटण दाबलं. तसं नव्हतं. अपडेट बसवताना मशीनला मध्ये एकदा पुन्हा सुरू व्हावंच लागतं, कारण चालू असलेल्या गाभ्याच्या फाइली त्याच्या पायाखालून बदलता येत नाहीत. ते झाल्यावर शेवटी बंद व्हायचं, हा टप्पा कित्येक मशीनवर गळत होता. विंडोज ११ मध्ये यावरची दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस आधी ऐच्छिक अपडेटमधून आली. एवढ्या साध्या बटणाला सांगितलेलं काम करायला इतकी वर्षं लागावीत, यावर काय बोलायचं!

रोजच्या वापरात काय करायचं? काही बिघडलं असेल तर रीस्टार्ट. घरी जायचंय आणि मशीन पूर्ण बंदही हवंय, तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. तेवढ्यापुरता फास्ट स्टार्टअप बाजूला राहतो आणि दोन्ही थर मोडतात. मात्र शिफ्ट धरून चुकून रीस्टार्टवर क्लिक झालं तर निळा पडदा येतो आणि त्यावर पर्याय निवडायला सांगितलं जातं. घाबरू नका, ती दुरुस्तीची जागा आहे. 'कंटिन्यू' म्हटलं की विंडोज नेहमीसारखं सुरू होतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जायचं असेल तर हाच रस्ता सोपा, कारण फास्ट स्टार्टअपमुळे सुरुवातीला त्यासाठीची एफ-२सारखी कळ दाबायला फुरसतच मिळत नाही.

ही सोय कायमची बंदही करता येते. आता इथे विंडोजची दुसरी जुनी खोड भेटते. विंडोज ११ मध्ये नवीन सेटिंग्ज अ‍ॅप उघडून हा पर्याय शोधलात तर शोधतच राहाल. तो अजून जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये आहे: पॉवर ऑप्शन्स, मग पॉवरची बटणं काय करतील ते निवडण्याची ओळ, आणि तिथे तो फिक्कट रंगात, क्लिकच होणार नाही असा. वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबली, अ‍ॅडमिनची परवानगी दिली, की खूण काढता येते. तो पर्यायच दिसत नसेल तर तुमच्या मशीनवर हायबरनेट, म्हणजे चालू अवस्था डिस्कवर उतरवून बंद होण्याची सोय, बंद आहे, म्हणजे फास्ट स्टार्टअपही नाही. तुमचं शट डाउन आधीपासून पूर्णच आहे.

बंद करावी का? माझं मत: एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, असलेल्या मशीनवर बेलाशक करा. तिथे वाचणारे काही सेकंद त्या डोकेदुखीच्या मोलाचे नाहीत. जुनी हार्ड डिस्क असेल आणि काही त्रास नसेल, तर राहू द्या. आठवड्यातून एखादा रीस्टार्ट पुरे. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) दोन्ही ठेवणाऱ्यांनी मात्र विचार करत बसू नये. अर्धवट बंद झालेलं विंडोज आपलं ड्राइव्ह वापरात असल्यासारखं सोडतं. लिनक्समधून ते उघडायला गेलात तर एक तर नकार मिळतो, नाहीतर फक्त वाचता येतं, काही साठवता येत नाही. हा अडथळा त्रासदायक वाटतो, पण तो तुमच्या फाइली वाचवण्यासाठी आहे: झोपलेल्या विंडोजच्या पाठीमागे ड्राइव्हवर काही बदललं आणि मग ते जुनी आठवण घेऊन उठलं, तर गोंधळ पक्का.

लॅपटॉपचं झाकण मिटणं यात कुठेच बसत नाही. ते बहुधा स्लीप असतं: दोन्ही थर रॅममध्ये जागेवर आणि बॅटरी थोडी-थोडी जातच राहते. फक्त झाकण मिटून दिवस काढणाऱ्याच्या मशीनवर अप टाइम महिन्याच्या घरात दिसला तर त्यात नवल नाही.

ऑफिसच्या मशीनवर अ‍ॅडमिनची परवानगी मिळत नाही, तिथे ती खूण काढता येणार नाही. शिफ्टची युक्ती मात्र तिथेही चालते. तीही नको असेल तर संध्याकाळी निघताना शट डाउन आणि सकाळी चहाला उठताना एक रीस्टार्ट, इतकं केलं तरी आयटीवाल्याला होणारे फोन कमी होतील. घरच्या मशीनवर खूण काढली असेल तर विंडोजचं मोठं अपडेट आल्यावर एकदा तिथे डोकावून घ्या, ती परत लागलेली नाही ना ते बघायला.