कॉलेजातल्या विद्यार्थी संघटनेची नेतृत्व आणि आऊटरीच कार्यशाळा: अर्ज कुणाकडे, कधी आणि कोणत्या कागदांसह

दर सप्टेंबरला आमच्या विभागात दोन-तीन पोरं धापा टाकत येतात. "सर, १५ तारखेला अभियंता दिन आहे, झेडपीच्या शाळेत कार्यशाळा घ्यायचीय, तेवढी सही द्या ना." हातात एका पानाचा अर्ज. त्यावर ना जावक क्रमांक, ना शाळेचं नाव, आणि त्या दिवशी तारीख असते ११ नाहीतर १२. सही मी करतो. पण माझ्या सहीने शाळेचं फाटक उघडत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अभियांत्रिकी कॉलेजांत जे चॅप्टर आणि क्लब आहेत, त्यांच्या पदाधिकाऱ्यांसाठी हे लिहितोय. या कार्यशाळेचे दोन भाग असतात. नेतृत्वाचा भाग आपल्याच आवारात होतो: बैठक कशी चालवायची, इतिवृत्त कसं लिहायचं, हिशेब कसा ठेवायचा, पुढच्या वर्षीच्या पोरांच्या हाती काय सोपवायचं. त्याला प्राचार्यांची मंजुरी पुरते. आऊटरीचला, म्हणजे शाळेत जाऊन मुलांसोबत काम करायच्या भागाला, मात्र दुसऱ्याच्या दारात जायचं असतं. तिथली परवानगी आपल्या हातात नसते आणि सगळ्यात जास्त दिवस तिलाच लागतात. म्हणून अर्ज उलट्या बाजूने सुरू करा. आधी शाळा ठरवा, मग तारीख, आणि शेवटी कॉलेजच्या मंजुरीची टिपणी.

अर्ज कोण करू शकतं

विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा नसतो. अर्ज संघटनेचा, सही समन्वयक प्राध्यापकांची आणि शिफारस विभागप्रमुखांची. संघटना म्हणजे आयएसटीई, आयट्रिपलई, एसएई, आयईटीई या अभियंत्यांच्या आणि तंत्रशिक्षणाच्या संस्थांचा कॉलेजमधला चॅप्टर, म्हणजे शाखा, किंवा प्राचार्यांच्या आदेशाने सुरू झालेला रोबोटिक्स, कोडिंग असा क्लब. नुसता व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर आधी त्या आदेशाच्या मागे लागा.

चॅप्टर 'चालू' आहे का, हे इथेच तपासलं जातं. आयएसटीईचं विद्यार्थी सदस्यत्व एकदा घेतलं की अभ्यासक्रम संपेपर्यंत चालतं. आयट्रिपलईचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, ३१ डिसेंबरला ते संपतं. त्यामुळे जानेवारीत जोडलेल्या यादीतली निम्मी नावं बाद निघाली, असं आमच्याकडे दोनदा झालंय. यादी जोडण्याच्या आदल्या दिवशी सदस्य क्रमांक पुन्हा ताडून पाहा. पदाधिकारी बदलले असतील तर ते मूळ संस्थेला कळवलेलं असावं. गेल्या वर्षीचा अध्यक्ष पास होऊन पुण्याला नोकरीला लागलाय आणि कागदावर अजून तोच अध्यक्ष आहे, असं चालत नाही.

काही कॉलेजं पदाधिकाऱ्यांना एटीकेटी नसावी अशी अट घालतात, काही घालत नाहीत. विद्यार्थी विभागात आधी विचारून घ्या.

आणखी एक चूक खानदेशात सर्रास होते. आपल्याकडची बरीच अभियांत्रिकी कॉलेजं आधी जळगावच्या विद्यापीठाला जोडलेली होती, पुढे ती लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेली. पण जुन्या फायलीतला नमुना उचलून पोरं निधीचा अर्ज जळगावच्या विद्यार्थी विकास विभागालाच पाठवतात. तो महिनाभर तिथे पडून राहतो आणि मग परत येतो. आपलं कॉलेज आज कुणाशी संलग्न आहे ते आपल्या गुणपत्रिकेवरच छापलेलं असतं, ते बघा.

शाळेची परवानगी

जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत जायचं असेल तर आधी मुख्याध्यापकांना भेटा. पत्र नंतर द्या, भेट आधी घ्या. त्यांचा होकार मिळाला की पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि त्याची प्रत केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्यांना. तीन-चार तालुक्यांतल्या शाळा घेणार असाल तर पत्र थेट जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातं. आवक शिक्का मारलेली पोहोच हातात घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "ठेवून जा, साहेब आले की देतो" या वाक्यावर विसंबून आमचा एक कार्यक्रम गेलाय.

आश्रमशाळांचा रस्ता वेगळा आहे. त्या आदिवासी विकास विभागाच्या, म्हणून परवानगी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांची. खानदेशात ही कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे आहेत. धडगाव, अक्कलकुव्याच्या शाळांसाठी तळोद्याला जायचं, जळगाव जिल्ह्यासाठी यावलला. शाळा अनुदानित असेल तर चालवणाऱ्या संस्थेचंही पत्र लागतं. शाळा निवासी असल्याने जास्तीच्या दोन गोष्टी विचारल्या जातात: तुमच्यासोबत महिला प्राध्यापक आहेत का, आणि किती वाजता परत निघणार. दोन्हींची उत्तरं पत्रातच लिहा. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो शाळेच्या लेखी परवानगीशिवाय टाकणार नाही, हेही लिहून द्या. ते वाचून पुढचं बोलणं सोपं होतं.

तारखेचं भान ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गात पोरं कमी असतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांची मुलं सोबत जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात, आणि होळीच्या आठवड्यात सातपुड्यात कुणाला शाळेत बसवायचा विचारही करू नका, आदिवासींचा होळीचा भोंगऱ्या बाजार भरलेला असतो. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, म्हणजे हातात दोन तास. जुलै-ऑगस्ट, नाहीतर डिसेंबर-जानेवारी हा काळ मला बरा वाटतो. विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला येतो, पण त्या दिवशी शाळेकडे आधीच दोन पाहुणे असतात.

फायलीत काय काय

समन्वयकांच्या सहीचा अर्ज, कार्यकारिणीच्या बैठकीचा ठराव, सदस्य क्रमांकांसह यादी, पदाधिकाऱ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, तासागणिक कार्यक्रमपत्रिका, शाळेचं संमतीपत्र, अंदाजपत्रक, जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांचं हमीपत्र. इतकंच. हमीपत्रावर सही पालकांचीच हवी. रूममेटने केलेली सही ओळखू येते, पोरांनो, आम्हीही होस्टेलला राहिलोय.

अंदाजपत्रकात चहा, नाश्ता, प्रवास, साहित्य, मानधन हे वेगवेगळं दाखवा. 'इतर' या शीर्षाखाली मोठी रक्कम टाकली की लेखा विभाग तिथेच लाल पेनाने गोल करतो. प्रवासाला एसटीचा प्रासंगिक करार करता येतो, म्हणजे अख्खी बस भाड्याने घेता येते. त्यासाठी आगारात कॉलेजचं पत्र आणि आगाऊ रक्कम लागते. खाजगी गाडी ठरवली तर गाडीचा विमा आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती फायलीला लावा. मानधन ५००० रुपयांच्या वर गेलं तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्या. बिलं कॉलेजच्या नावाने हवीत, अध्यक्षाच्या नावाने नाही.

बाहेरचा निधी हवा असेल तर एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, 'स्पाइसेस' ही योजना विद्यार्थी क्लबांसाठीच आहे, पण तिथे अर्ज संस्थेने करायचा असतो. त्यामुळे प्राचार्य कार्यालयाला वेळेत सांगा. विद्यार्थ्यांचा स्वतःचा फायदाही आहे: एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट (वर्गाबाहेरच्या कामाचे गुण) लागतात, थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना ७५. शाळेतलं काम त्यात धरलं जावं म्हणून हजेरीपत्रकावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का त्याच दिवशी घ्या. नंतर त्यासाठी परत जावं लागतं.

मंजुरी मिळाल्यावर

निघायच्या आधी साहित्य स्वतः वापरून बघा. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या एका शाळेत आम्ही चाळीस मुलांसाठी एलईडी आणि पेन्सिल सेल नेले होते. एकेका मुलाला एकेक सेल वाटला आणि एकही दिवा लागेना. समोरच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "सर, हाऊ दिवा पेटस का नही?" लाल एलईडीलासुद्धा साधारण दोन व्होल्ट लागतात आणि एका सेलचे असतात दीड. तिसऱ्या वर्षाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आठ पोरांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही! शेवटी दोन-दोन मुलांची जोडी करून दोन सेल जोडले आणि दिवे लागले. बटणासारखे छोटे सेल मात्र लहान मुलांच्या हातात देऊ नका, ते गिळले जातात.

विषय गावातलाच घेतला तर मुलं बोलती होतात. त्या भागात फड पद्धतीचे, म्हणजे गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीचे, बंधारे मुलांनी पाहिलेले असतात. ज्यांच्या जन्मदिवशी अभियंता दिन असतो ते विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीच्याच काळात त्यांनी पांझरेवर दातर्तीजवळ सायफनचं, म्हणजे नळातून पाणी पलीकडे नेण्याचं, काम केलं. अभियंता दिनाला एक पारदर्शक नळी आणि दोन बादल्या घेऊन हे दाखवता येतं. इंग्रजी स्लाइड घरी ठेवा. अहिराणी बोलणारा एक तरी सदस्य गटात असावा, आणि धडगावकडे जात असाल तर तिथली पावरी बोली जाणणारा शोधा. कॉलेजात असा कुणी ना कुणी असतोच, त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं.

परतल्यावर आठवड्याच्या आत अहवाल, हजेरी, मूळ बिलं आणि विनियोग प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) लेखा विभागाला द्या. उचललेल्या अग्रिमाचा हिशेब अडकला की पुढच्या अर्जावर पहिला प्रश्न तोच येतो. अहवालाची एक प्रत शाळेलाही पाठवा. आणि १५ सप्टेंबरलाच जायचं असेल तर मुख्याध्यापकांची पहिली भेट जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घ्या.